ठमीचं तांब्याचं पाऊल

मावशीला धीर म्हणून कसला तो नव्हताच, त्यात आज तर बघायलाच नको. संध्याकाळच्या गाडीने तिची धाकटी बहीण लेकीला, ठमीला, घेऊन नवऱ्याकडे निघाली होती, कायमची. ठमीला जन्मापासून न्हाऊमाखू घातलं ते मावशीने, आणि तिच्या हाती काय उरणार? मेणात घेतलेलं ठमीचं एक पाऊल. वरून वीज खेळावी म्हणून त्याला ग्रॅफाइट चोळून तिने ते आपल्या दुकानातल्या मुलाम्याच्या टाकीत सोडलं होतं, तांब्याचा थर चढवायला. गाडी सुटायच्या आत ते खऱ्या पावलाशेजारी ठेवून एकदा बघायचं होतं तिला.

टाकीतलं निळं पाणी ढवळणारी मोटर नेमकी बंद पडलेली. "मेलीला आजचाच मुहूर्त सापडला!" म्हणत मावशीने करंट वाढवला. दारात जाऊन आली, पुन्हा वाढवला. पाऊल वर काढलं तर बोटं काळीठिक्कर! हात लावला, तर नुसता भुगा.

"अगं बाई! टाकी काठोकाठ भरलीय, मग तांबं गेलं कुठं?"

"टाकीत आहे, बोटांपाशी नाही," शेजारच्या टाकीवरून मावशीचा नवरा आला. "तू एवढा जोर लावलास, जवळचं होतं ते संपलं. लांबचं तिथवर पोचायला नको? भुगा पूस, करंट उतरव आणि पाऊल टांगलेली दांडी हाताने हलवत राहा. अंधार पडेपर्यंत."

"आणि गाडी?"

मावशी दांडी हलवू लागली, डोळे रस्त्यावर. थांबावं तर बोटं पुन्हा काळवंडणार, न थांबावं तर ठमी जाणार. ती रडकुंडीला आली. शेवटी नवऱ्यानेच दांडी धरली.

"जा तू."

"मध्येच चहाला जाल तुम्ही!"

"नाही जात. आईशप्पथ. पळ!"

ती पळाली. डब्यात ठमी आईच्या खांद्यावर गाढ झोपली होती. मावशीने तिचा बूट काढला, मोजा काढला आणि पाऊल मुठीत धरलं. गरम होतं.

"ताई, उतर गं, सुटतेय गाडी!"

ती कशीबशी उतरली. बूट हातातच राहिला.

दुकानात नवरा डाव्या हाताने दांडी हलवत होता. उजवा भरून आला होता. पाऊल छान गुलाबी उतरलं होतं, पाचही बोटांसकट. मावशीने ते पुसलं आणि त्याला बूट घालून बघितला. चढेना. तांब्याने पाऊल किंचित वाढलं होतं.

"इतक्यात लहान झाला हो बूट," ती म्हणाली, आणि हमसून हमसून रडू लागली.