जोगियातली जागा

चमच्याच्या कडेला पेजेचा एक थेंब लोंबत राहिला होता. पडेल, आता पडेल असं वाटता वाटता तो तिथंच घट्ट झाला, आणि चांगुणा त्याच्याकडे बघत राहिली... चमचा हवेत, नवऱ्याचे ओठ अर्धवट उघडे, आणि बाहेर नळावर बायकांचा गलका. मग सितारामनं तोंड मिटलं. पुरे, असा त्याचा अर्थ. निदान ती तसा धरून चालली होती. अर्धांगवायूनं त्याचं उजवं अंग आणि वाचा एकाच दुपारी नेली त्याला आता दोन वर्षं होत आली, आणि तेव्हापासून त्याच्या पापण्यांचे, ओठांचे, डाव्या हाताच्या बोटांचे अर्थ तीच लावत आली होती. पेज नको, कूस बदल, खिडकी लाव. लावलेला अर्थ चुकला तर चुकला हे सांगणारं कोण होतं?

"मी जाऊन येते," ती म्हणाली. "पंडितनं बोलावलंय. आज गाणं भरायचंय. सरजाबाई बसतील तुमच्यापाशी."

त्यानं डोळे मिटले.

हे 'जा' होतं की 'जाऊ नकोस' होतं... तिनं पदरानं त्याची हनुवटी पुसली आणि 'जा' असं धरलं. दारात शेजारची सरजाबाई निवडायला तांदळाचं सूप घेऊनच आली होती. "जाय बाई तू, उशीर करू नको," ती म्हणाली. "आज तुला गायचं हाय. त्यायला मी बघते."

गायचं आहे. हे वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की अंगावर काटा येत होता.

जानेवारीत विद्यापीठाला अखेर भीमाचं नाव लागलं. रेडिओवर बातमी सांगितली तेव्हा भीमनगरात फटाके वाजले, माणसं रडली, निळीचे हात घेऊन पोरंसोरं घरात शिरली आणि खाटेवरच्या सितारामच्या कपाळाला निळा टिळा लावून गेली. त्याच्या उजव्या डोळ्यातून पाणी वाहत होतं. पण उजवा डोळा तर नेहमीच वाहतो, त्यामुळे ते रडणं होतं का, हेही तिनं आपलं आपणच ठरवलं. त्यानंतर काही दिवसांनी पंडित आला. स्टेशन रोडला रेडिओ दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत तो भीमगीतांच्या कॅसेट भरत असे, लग्नांत कॅसिओ वाजवत असे. लहानपणी त्यानं सितारामचा जलसा ऐकला होता, आणि त्यातलं एकच गाणं त्याच्या डोक्यातून गेलं नव्हतं. त्या गाण्याची टेप कुठंच उरली नव्हती. "मावशी, चाल तरी सांगा," तो म्हणाला होता. तिनं भाकरी थापता थापता, त्याच्याकडे न बघता, हलक्या आवाजात चाल सांगितली. पंडितनं ती दोनदा म्हणवून घेतली. मग म्हणाला, "मावशी, हे तुमीच म्हणा."

ती तेव्हा हसली होती. खाटेकडे बघायचं मात्र तिनं टाळलं होतं.

बसस्टँडवरून ती चालत निघाली. ऊन चढत होतं, रस्त्याच्या कडेला जिंतूरच्या गाडीची वाट बघत माणसं बसली होती, एका टपरीवर सिनेमातलं गाणं मोठ्यानं लागलं होतं, आणि त्या सगळ्या आवाजाच्या खालून तिच्या मनात त्या गाण्याचा राग वाहत होता — जोगिया. रागाचं नाव तेवढं तिला ठाऊक होतं, बाकी सुरांची नावं कुणी सांगितली नव्हती. लग्नानंतरच्या वर्षांत सिताराम सुगीनंतर सेलूला जिनिंगमध्ये कामाला जायचा, कापसाच्या तंतूंनी पांढरा होऊन यायचा. तिथंच मागच्या गल्लीत एक म्हातारे खाँसाहेब राहायचे, निजामाच्या काळी हैदराबादला गायलेले. त्यांच्या दाराबाहेर उभा राहून हा ऐकायचा. एक दिवस त्यांनीच विचारलं, कोण आहेस, काय करतोस, आणि मग म्हणाले, "सवेरे आव मियाँ, अंधेरे में. ये राग उजाले से डरता." पाळी सुरू व्हायच्या आधी अंधारात जाऊन तो शिकला. ताडकळसजवळच्या आपल्या गावी परतला की तसाच अंधारात उठून म्हणायचा, आणि ती जात्यावर बसलेली असायची. जात्याची घरघर, त्यावर तो आवाज... एकदा, एकदाच, तिच्याही गळ्यातून आपोआप सूर निघाला. आईची ओवी होती ती, पण त्याच्या रागाच्या कुशीत अशी जाऊन बसली की तिला स्वतःलाच कळलं नाही.

"गप बस की. सूर बिघडायलाय माझा."

रागानं नव्हता म्हणाला. पाणी दे म्हणावं तसंच म्हणाला होता. ती गप्प बसली. त्यानंतर जातं गेलं, गिरणी आली, घर गेलं, गाव गेलं — मी गप्पच होते. पण गप्प बसलेलं माणूस ऐकत असतं. त्याचा प्रत्येक श्वास मला पाठ झाला, कुठं थांबतो, कुठं चढतो, कुठल्या सुरावर त्याचा आवाज दिव्याच्या ज्योतीसारखा थरथरतो...

अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाला हे नाव द्यायचा ठराव झाला आणि पंधरवड्यात, नाव नको म्हणणाऱ्यांनी त्यांची वस्ती जाळली. भर पावसाळ्यात घरं कशी पेटली याचं तिला अजून नवल वाटायचं. सितारामच्या बाजाच्या पेटीच्या भात्याचं चामडं जळताना येणारा वास मात्र ती विसरू शकली नव्हती. परभणीला एका शाळेच्या खोलीत राहत असताना, भिंतीकडे तोंड करून, सितारामनं ते गाणं बांधलं. राखेवर लिहिलंय नाव, वाऱ्या जरा हळू ये. चाल जोगियातली. आधी लांब आलाप, मग ढोलकी. वस्तीतली माणसं म्हणाली, "दादा, ही रागदारी आपल्याला कशाला? आपल्याला जोर पायजे, लोक उठले पायजेत." सेलूच्या बैठकीत गायला तर तिथले जाणकार म्हणाले, गळा चांगला आहे, पण रागात हे असले विषय आणू नयेत. इकडच्यांना ते फार हळू वाटलं, तिकडच्यांना फार मोठ्यानं. मग तो कमी कमी गात गेला. परभणीच्या नगरपालिकेत पाणी सोडायचं काम मिळालं, भल्या पहाटे तो चाव्या फिरवायला जाऊ लागला, आणि अंधारातला तो वेळही गेला.

जिना अरुंद होता. वरच्या खोलीच्या भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या होत्या, खिडक्या बंद, पंखाही बंद, कारण त्याचा आवाज टेपवर येतो. पंडितनं तिला स्टुलावर बसवलं, कानांवर जाड काळे डबे चढवले, आणि बाहेरचं सगळं जग एकदम पुसलं गेलं.

"मावशी, आधी ऐका मी काय केलंय. न्हाई पटलं तर सांगा."

ती नापसंत करायच्या तयारीनंच आली होती. वाटेत तिनं वाक्यही जुळवून ठेवलं होतं... ह्यांच्या गाण्याला हे असलं मशीन नको. पण कॅसिओतून जे आलं ते वाऱ्यासारखं होतं. लांबून, ओसाड रानावरून येणाऱ्या वाऱ्यासारखा एकच सूर, हलत नाही, संपत नाही, आणि त्याच्या खाली कुठंतरी खोल, काळजाच्या ठोक्यासारखा ठेका. ते चांगलं होतं. हे कळलं तेव्हा तिला आतून गलबलून आलं, कारण सिताराम ज्याच्यासाठी आयुष्यभर तळमळला ते हेच होतं, आणि ते झालं होतं त्याच्यावाचून. भाकरी खाऊन, दुपारच्या उजेडात, एका लग्नातल्या वाजंत्र्यानं ते करून ठेवलं होतं. आनंद व्हायला हवा होता...

"फक्त आलाप जरा कमी करू," पंडित चाचरत म्हणाला. "आता एवढं कुणी ऐकत न्हाई. लोक टेप पुढं पळवतेत."

"कमी करा," ती म्हणाली. आणि मग, "आधी एकदा सगळा म्हणू द्या."

तिनं डोळे मिटले. पहिला सूर लागला तो त्याचाच होता, त्याच्या श्वासासकट, पुढचाही त्याचा, तो थरथरणारा सूर आला आणि तिला त्याचं मानेची शीर ताणलेलं तरुण रूप दिसलं. ती त्याच्या मागून चालत होती, बांधावरून चालावं तशी, त्याच्या पावलात पाऊल टाकून. आणि मग एका ठिकाणी तो जिथून नेहमी खाली यायचा तिथं तिला खाली यावंसं वाटलं नाही. गळा आपोआप वळला. आईची ती ओवी, जात्याच्या फेऱ्यासारखी गोल फिरणारी, वर गेली, तिथं क्षणभर थांबली, आणि जोगियाच्या आत येऊन अशी विसावली की ती कधीपासूनची तिथलीच असावी. मग राखेवर लिहिलंय नाव... ठेका सुरू झाला आणि ती गात राहिली.

ती थांबली. पंडितनं टेप मागं नेली, तेवढाच तुकडा पुन्हा ऐकला, परत मागं नेली.

"आलापाला हात लावत न्हाई मी," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "ही वर जाऊन फिरती ती जागा... मावशी, ही दादांचीच ना? मी लहान होतो, मला आठवत न्हाई."

"हो," चांगुणा म्हणाली. "त्यायचीच."

शब्द निघून गेल्यावर तिला कळलं. परत घेता आला असता. पंडित समोरच होता, चहा मागवत होता, दादा किती मोठे होते ते बोलत होता. ती मान हलवत राहिली. का म्हणाले मी असं? त्याच्यापाशी आता काहीच उरलं नव्हतं म्हणून? की आपलं म्हणून काही दाखवायची सवयच नव्हती म्हणून... जिना उतरताना तिला वाटलं, आपलीच वस्तू आपण चोरली आणि नेऊन दुसऱ्याच्या घरात ठेवली. गंमत म्हणजे पाय हलके पडत होते. ते जास्त भीतीदायक होतं. नवरा खाटेवर मुका पडलेला आणि आपल्या छातीत हे काय भरून आलंय, ह्याला काय म्हणायचं? तो गात असता तर ही जागा कधी आली असती का? नसती. मग त्याचं गप्प होणं आपल्याला... ती रस्त्यातच थांबली. तो विचार तिनं पुढं जाऊ दिला नाही, पण तो कुठं जाऊन पोचणार होता ते तिला दिसलं होतं.

संध्याकाळी सरजाबाईच्या मुलीचा टेपरेकॉर्डर खाटेजवळ ठेवून तिनं पंडितनं दिलेली कच्ची कॅसेट लावली. "ऐका," एवढंच म्हणाली.

वाऱ्यासारखा तो सूर खोलीत पसरला. सितारामचे डोळे आढ्याकडे होते. मग तिचा आवाज आला, आणि त्याच्या डाव्या हाताची बोटं गोधडीवर हलू लागली. तो पुढच्या सुराआधीच बोट उचलत होता, सगळं त्याच्या ओळखीचं होतं, आणि त्याच्या चेहऱ्यावर, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, काहीतरी सैल झालं. आता... ती जागा आली. बोट उचललेलं तसंच राहिलं.

तिच्याखेरीज जगात एकच माणूस होता ज्याला माहीत होतं की हे सितारामचं नाही.

त्यानं सावकाश मान वळवली आणि तिच्याकडे बघितलं. टेप पुढं चालूच होती, ठेका सुरू झाला होता, बाहेर कुणीतरी "आवाज वाढवा वं" म्हणून ओरडलं. तो बघत होता. त्या बघण्यात दुखणं असेल, विचारणं असेल, शाबासकी असेल. ह्यातलं एखादं धरून चालणं तिला सहज जमलं असतं, इतके दिवस तेच तर केलं होतं. पण आज तिनं काहीच धरलं नाही. त्याची नजर तशीच राहू दिली, त्याची म्हणून, तिला न कळलेली.

"ती जागा माझी हाय," ती हळूच म्हणाली.

ठेक्याच्या आवाजात त्याला ऐकू गेलं की नाही, कुणास ठाऊक. त्यानं मान परत आढ्याकडे वळवली. दोन्ही डोळ्यांतून पाणी येत होतं. चांगुणा उशाशी बसून राहिली, आणि तिला फार वाईट वाटत होतं, त्याच्यासाठी, जळालेल्या पेटीसाठी, अंधारातल्या त्या सगळ्या सकाळींसाठी, जेव्हा दोन आवाज एका घरात असू शकले असते. आणि एवढं वाईट वाटत असूनही, आज गळ्यात जे आलं होतं ते तिला कुणालाही परत द्यायचं नव्हतं.