जांबावरचे दात

आमच्या मामींना दात वाचता येतात. मामी म्हणजे माझी सासू, मनकर्णा. शाळेची पायरी त्यांनी चढलेली न्हाई, पण कुणाच्या रानात कुणाची शेळी शिरली ते चावलेल्या शेंड्यावरून सांगतात. आमचं घर शेळ्यांचं, जन्म त्यातच गेलेला. आमच्या पाली गावात असलं भांडण झालं की मामींना बोलावणं येतं. मामी पदर खोचून बांधावर उकिडव्या बसतात, कुरतडलेली तूर उलटीपालटी करतात आन् निकाल देतात. मागल्या साली रामकिसनची तूर खाल्ली म्हणून अर्धं गाव गोळा झालतं. रामकिसन शेजाऱ्याच्या अंगावर धावत होता. मामींनी एकच शेंडा बघितला आन् म्हणल्या, खाणारीचा मधला दात पडलेला हाय, रामकिसन, तुझी काळी शेळी बघ. त्यानं शेळीचं तोंड उघडून बघितलं तर खरंच. तवापासून तो मामींशी बोलत न्हाई.

असल्या घरात मी लग्न करून आले, आन् माझं तोंड असं की माझा चावा एखाद्या लेकरानं बी वळखावा.

माझ्या मागच्या दाढा मिटतात, पण पुढचे दात एकमेकांना भेटतच न्हाईत. भेटत नव्हते, म्हणायला पायजे. मधी करंगळी जाईल एवढी फट. भाकर तोडायची तर हातानं, मक्याचं कणीस खायचं तर दाणे सोलून, म्हाताऱ्यावानी. मी ब्लाउज शिवते. दुसऱ्या शिवणाऱ्या बाया कचकन दातानं दोरा तोडतात, माझ्या गळ्यात कायम कात्री लटकलेली. लग्नाकार्यात पंगतीला बसले की डाव्या हातानं पदर तोंडापुढं धरायचा आन् उजव्या हातानं जेवायचं. लोकांना वाटायचं, काय संस्काराची बाई हाय.

लग्नाला आठच दिवस झालते. अंगणात जांबाचं झाड. पुण्याकडची माणसं त्याला पेरू म्हणतात, म्हणू द्या. मामींचा त्या झाडावर जीव. पोपटाला सुद्धा नाव घेऊन शिव्या घालतात. दुपारी सगळे आडवे झालते, तवा मी खालच्या फांदीचा एक जांब न तोडता, झाडावरच चावला. तोडला असता तर मामींच्या ध्यानात आलं असतं, एवढी अक्कल मला होती. पुढची नव्हती.

तिनीसांजेला मामी झाडाखाली गेल्या. जांब दोन्ही कडंनी खरवडलेला आन् मधी शेंडी तशीच उभी. त्यांनी तो फिरवून फिरवून बघितला. पोपट न्हाई म्हणल्या. खार न्हाई. हरिओमचा, म्हणजे आमच्या मालकांचा, न्हाई, त्याचा पुढचा दात तुटका हाय. मामांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, तर न्हाईच, त्यांना दातच न्हाईत. मग माझ्याकडं वळल्या आन् म्हणल्या, सूनबाई, जरा तोंड उघड.

सगळे हसले. मामा हसले, आमचे मालक हसले, शेजारची छबुबाई भिंतीवरून वाकून हसली. मी बी हसले, तोंडावर हात धरून. मग आत जाऊन रडले. आता सांगायला काय लाज? तेलगावला माहेरी बी हेच व्हायचं. गल्लीत कुठं उष्टा जांब सापडला की पोरं सरळ आमच्या घरी यायची. मला वाटायचं, देवा, आयुष्यात एकदा कायतरी चावावं आन् कुणी चावलं ते कुणाला कळू नये. दुसरं कायबी नको.

उपाय केले न्हाईत असं न्हाई. सोळाव्या वर्षी तेलगावच्या डॉक्टरनं तार बसवली. दोन वर्षं तोंडात कुंपण घेऊन हिंडले. दात मिटले, वडलांनी पेढे वाटले. तार काढली आन् वर्षाच्या आत फट परत जागेवर. पेढे गेले ते गेलेच. लग्नानंतर बीडच्या डॉक्टरनं जागा पायजे म्हणून चार चांगले दात उपटले आन् परत तीन वर्षं तार. ह्या वेळेला फट आणखी वाढली. इचारलं तर म्हणला, तुमी तारेवरचं रबर नीट लावलं न्हाई. मी झोपेत सुद्धा रबर काढलं न्हाई, मालकांना इचारा. दात माझे, दुखणं माझं, आन् वर चूक बी माझीच.

शेवटी मालक मला संभाजीनगरला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या मॅडमनी फोटो काढला, उजेडाला धरला आन् पाच मिनिटांत म्हणल्या, दातांचा दोषच नाही. जबड्याचं हाडच तिरकं वाढलंय. दात कितीही ओढा, ते परत जाणार. मी म्हणलं, म्हणजे भिंत वाकडी आन् आमी इतकी वर्षं खिडकीच ठोकत बसलो? मॅडम म्हणल्या, अगदी तसंच. आता वरचा आणि खालचा दोन्ही जबडे कापून नीट बसवायचे, पट्ट्या आणि स्क्रू लावायचे. त्याच्या आधी वर्षभर तार. म्हणजे तिसऱ्यांदा. माझं वय तवा एकतीस.

घरी सांगितलं. मामा उठून शेळ्यांकडं गेले. मालकांनी मोबाईलवर त्या ऑपरेशनचा व्हिडिओ लावला, अर्ध्या मिनिटात मोबाईल पालथा घातला आन् प्यायला पाणी मागितलं. मामी तेवढ्या बोलल्या. "शेळीला वरचे पुढचे दातच नसतात. तिचं काय अडलंय? रान फस्त करती. दाताच्या कामाला जबडा कशापायी कापायचा?"

मी म्हणलं, मी शेळी न्हाई. त्या म्हणल्या, न्हाईच, शेळी गुणाची असती, दवाखान्यात जायचं म्हणत न्हाई. त्या दिवसापासून त्या माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या. मला कायबी सांगायचं असलं की माझ्यासमोर शेळीला सांगायच्या.

गावात गवगवा झाला. छबुबाई सांगत सुटली की ऑपरेशननंतर बाईचं तोंड दीड महिना बंद राहतं. तर तीन गडी येऊन मालकांना हळूच पत्ता इचारून गेले. आपली बायको बी न्यावी म्हणत होते. मामी नवस करायला नारायणगडला गेल्या, मालकांच्याच गाडीवर. मामींनी मागितलं, सुनेच्या डोक्यातलं खूळ जाऊ दे. मालकांनी मागितलं, ऑपरेशन नीट होऊ दे. दोघं एकाच गाडीवर गेलते, उलटेपालटे नवस बोलून एकाच गाडीवर आले. वाटेत उसाचा रस बी प्याले.

वर्ष गेलं. श्रावणात शेवटच्या तपासणीला निघाले तर मामी पिशवी घेऊन दारात उभ्या. दारातल्या शेळीला म्हणल्या, त्या मॅडमला मी बघते. मला वाटलं, झालं, आता दवाखान्यात तमाशा.

मॅडमनी टेबलावर प्लास्टरचे दोन जबडे मांडले. एक माझा आत्ताचा, दुसरा कापून नीट जुळवलेला, ऑपरेशननंतरचा. मामी खुर्चीवर पाय वर घेऊन बसल्या. पहिला जबडा हातात घेतला, मिटवला, उघडला. मग पिशवीत हात घातला आन् एक पिकला जांब काढला. मॅडम नको नको म्हणेपर्यंत मामींनी तो जबडा जांबावर दाबला. दोन्ही कडंनी वण, मधी शेंडी. मामींनी मान हलवली, ही आमचीच. मग दुसरा जबडा घेतला आन् जांबाच्या दुसऱ्या बाजूला दाबला. सलग गोल चावा उठला, कुठं खंड न्हाई. मॅडमनी बाहेरच्या दोन शिकाऊ डॉक्टरांना बोलावून आणलं.

मामींनी त्या चाव्यावरून बोट फिरवलं. मग वर्षात पहिल्यांदा माझ्याशी बोलल्या. "ह्या तोंडाची मला वळख न्हाई."

मी म्हणलं, "मामी, मला तेच पायजे."

त्यांनी मॅडमना इचारलं, हिचा चेहरा बदलल का? मॅडम म्हणल्या, थोडा बदलेल. तवा मामींनी जबडा खाली ठेवला. म्हणल्या, "हिला मीच पसंत केलती. समदे नको म्हणत होते. मी हे तोंड बघून हो म्हणले. आता दुसरंच तोंड घेऊन ही घरात आली, तर मी कुणावर वरडू?"

मला इतकी वर्षं वाटत होतं की माझं तोंड आवडून घेणारं जगात कुणीच न्हाई, आन् ती बाई रोज माझ्यासमोर चुलीपाशी बसलेली. मामींनी नाक पुसलं, टेबलावरचा दुसरा जबडा उचलला आन् म्हणल्या, कापा. पण हे मला द्या. काम झाल्यावर हेच तोंड दिलंय का दुसरं, ते मी जुळवून बघणार. मॅडमनी हसत हसत दिला बी.

ऑपरेशन पाच तास चाललं. मला बाहेर आणलं तवा डोळे सुजून मिटलेले, गाल भोपळ्याएवढे, जबडे रबरांनी बांधलेले. मामी खाटेपाशी आल्या आन् मालकांना म्हणल्या, ही आपली न्हाई, पुढच्या खाटेवर बघ. मला सगळं ऐकू येत होतं, पण बोलता येईना. मी नुसता हात हलवला. मामींनी हात धरला, बोटांवरचे सुईचे टोचे चाचपले, आन् तिथंच खाली बसून लहान पोरीवानी रडल्या.

पुढचा दीड महिना मी करडू होते. आई मेलेल्या करडाला बाटलीनं पाजायचा मामींचा हात लई बसलेला. हनुवटी धरायच्या आन् घोट घोट पाजायच्या, अंबील, दाळीचं पाणी, दोनदा फडक्यातून गाळलेला मटणाचा रस्सा. पाजताना बोलायच्या. मी उलटून बोलू शकत न्हाई हे त्यांच्या ध्यानात आलतं. आल्या दिवसापासूनची माझी एकूण एक चूक त्यांनी काढली, सांडलेल्या दुधापासून ते जाळलेल्या भाकरीपर्यंत. मी चिडून वहीवर उत्तर लिहायचे. मामींना वाचता येईना, म्हणून त्या वही मामांकडं द्यायच्या. मामा चौथी शिकलेले. मी पानभर भांडण लिहिलेलं असायचं, मामा चष्मा लावून सगळं वाचायचे आन् म्हणायचे, "हो म्हणती ती." घरात एवढी शांतता कधीच नव्हती.

संक्रांतीच्या आधी मॅडमनी सांगितलं, आता कायबी खा. त्या दिवशी मी कुणाला कायबी बोलले न्हाई. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे आडवे झाले, तवा अंगणात गेले. तीच खालची फांदी. एक जांब, हिरवट, कडक. मी फांदी खाली ओढली आन् चावले. कर्रकन आवाज आला. आवाज माझ्या पुढच्या दातांचा होता. खालचा ओठ अजून जरा बधिर होता, पण दात दाताला लागलेला मला कळला. मी तो घास किती तरी वेळ तोंडात घोळवला. जांब तसाच फांदीवर सोडून दिला.

तिनीसांजेला मामी झाडाखाली गेल्या. मी वट्ट्यावर जवारी निवडत बसले, मान खाली घालून. पोपट न्हाई म्हणल्या. खार न्हाई. जांब तोडून त्या घरात गेल्या. जरा वेळानं रिकाम्या हातानं बाहेर आल्या आन् अंगणाच्या मधी उभं राहून म्हणल्या, "हरिओम, इकडं ये."

मालकांनी लई सांगितलं. म्हणले, आई, माझा दात तुटका हाय, तूच सांगतीस की. मामी म्हणल्या, बसवून आला असशील गुपचूप, बायकोसंगं दवाखान्यात जातच होतास. छबुबाई भिंतीवरून वाकली आन् म्हणली, मला तर आधीपासनंच हरिओमचा संशय होता. मालक तोंड उघडून सगळ्यांना दात दाखवीत फिरायला लागले. माझ्याकडं कुणी बघितलं बी न्हाई. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा. मला हसू येत होतं आन् डोळ्यातलं पाणी जवारीत पडत होतं.

सूप ठेवायला आत गेले. देवळीत मामींच्या मिश्रीच्या डबीशेजारी तो प्लास्टरचा जबडा असतो. त्याच्या दातात माझा जांब बसवलेला होता. दाताला दात, वणाला वण, तसूभर फरक न्हाई.

बाहेर मामी अजून मालकांवर वरडत होत्या, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा. मी जांब जबड्यातून काढला आन् उभ्या उभ्या खाऊन टाकला, बियांसकट. पुरावा कशाला ठेवायचा?