तुतीचा आडोसा

शिडी तुतीला टेकलेली दिसली तसे कंपाउंडर चपला न घालताच रस्ता ओलांडून पळत आले. तोवर वर चढलेल्या माणसाने पहिली फांदी दोराला बांधून खाली सोडलीही होती.

"थांबा! अहो बाई, थांबवा त्यांना!"

समोरच्या घरातल्या शिक्षिकाबाई हाताची घडी घालून फाटकात उभ्या होत्या. शाळा सुटून बरीच वर्षं झाली तरी गल्ली त्यांना बाईच म्हणे. जसा दवाखाना कधीचा बंद पडला तरी कंपाउंडर कंपाउंडरच राहिले होते.

"संकोच करू नका," बाई म्हणाल्या. "तुमच्या लेकीचा फोन आला होता मला. अगदी रडवेली झाली होती हो. म्हणाली, बाई, मला आईचा चेहरा नीट बघायचाय, पण तुमचं झाड मध्ये येतं. यावर मी काय बोलणार?"

"तिने तुम्हाला फोन केला?"

"मग काय! तुम्ही तर कधी चकार शब्द काढला नाहीत. इतकी वर्षं समोरासमोर राहतो आपण, नुसतं सांगितलं असतंत तरी निम्मं झाड उतरवलं असतं मी."

कंपाउंडरांनी तोंड उघडलं, पण वर करवत सुरू झाली. ती थांबेपर्यंत त्यांना उभं राहावं लागलं.

"झाडाचं वाईट वाटतंच," बाई पुढे म्हणाल्या. "पोरं तुती खायची आणि जांभळे हात माझ्या भिंतीला पुसायची. पण लेकीचा चेहरा रोज नीट दिसला तर वहिनींना निदान तिची तरी ओळख राहील. नाही का?"

वहिनींचं विसरणं बाईंना ठाऊक होतं. लेकीलाही ते ठाऊक असणार, असं त्या धरून चालल्या होत्या. कंपाउंडरांनी मान हलवली आणि ते तसेच अनवाणी परत फिरले.

झाडाने त्रास दिला नव्हता असं नाही. गच्चीवरची इंटरनेटची थाळी टेकडीवरच्या टॉवरकडे तोंड करून बसवलेली आणि तुती वाढत वाढत नेमकी मध्ये आलेली. तिच्यावरच चालणारा टीव्ही अडखळायचा. फोनवर लेकीच्या चेहऱ्याचे चौकोन व्हायचे आणि ते तसेच थिजून राहायचे. तेव्हा कंपाउंडर मनापासून वैतागत. पण पुढे बायकोचं विसरणं चष्म्याकिल्ल्यांवरून माणसांवर आलं. एका दुपारी ती लेकीच्या फोटोवरची धूळ पुसत होती. पुसता पुसता थांबून तिने विचारलं, "ही कोण हो?" त्या दिवसापासून ते झाडावर फक्त तोंडाने रागावत राहिले.

"बाबा, आई दिसतच नाहीये."

"कशी दिसणार? ते मेलं झाड! थांब, ती काय म्हणतेय बघ... पाठ दुखायची थांबली का विचारतेय तुझी."

"थांबली म्हणावं."

"आणि जेवायच्या वेळा सांभाळ म्हणतेय. आवाजावरून कळतं म्हणे तिला, तू काही खाल्लेलं नाहीस."

लेक हसायची. बायको कुठल्या वेळी काय विचारील, कोणत्या सुरात, हे आठवायला कंपाउंडरांना कष्ट पडत नसत. ते बोलत असताना ती शेजारच्या खुर्चीत बसून एकच रुमाल घडी करी, मोडी, पुन्हा घडी करी. पानगळीत तुती पार उघडी पडली आणि चित्र लख्ख दिसू लागलं, तेव्हा भिंतीवरच्या इंटरनेटच्या डबीची पिन त्यांनी स्वतःच्या हाताने उपटली होती.

लेकीने परमुलखात जिवाचं रान करून बस्तान बसवलं होतं. कळलं तर सगळं टाकून धावत येईल, ही धास्ती खरीच. पण तेवढंच नव्हतं. या घरात बायको दिवसेंदिवस विरत चालली होती. तिचं ‘अहो’ तेवढं शाबूत होतं. पण अहो तर दारावर आलेल्या कुणालाही म्हणता येतं. फक्त लेकीच्या कानात ती अजून अख्खी होती, विचारपूस करत होती, रागे भरत होती.

दुपार कलायच्या आत तुतीचा बुंधा तेवढा उरला. खोलीत कधी नव्हे इतकं ऊन आलं आणि टेबलावरचा फोन वाजू लागला.

कंपाउंडर डबीपाशी गेले. पिनेवर हात ठेवून त्यांनी मागे पाहिलं. टीव्हीवर कुणी बाई बातम्या सांगत होती, न अडखळता, सलग. बायको खुर्चीच्या कडेला सरकून तिच्याकडे बघत होती. बातमी सांगणारी हसली की हीही हसत होती. कितीतरी दिवसांत तिचा चेहरा असा उजळला नव्हता. पिन काढली असती तर तेही गेलं असतं.

त्यांनी हात काढून घेतला आणि फोन उचलला.

"बाबा! केवढे स्पष्ट दिसताय! आणि किती वाळलात हो! आई कुठेय? द्या ना तिला."

त्यांनी फोन बायकोसमोर धरला. तिने पडद्याकडे पाहिलं, कानामागे केस सारले, नीट सावरून बसली.

"या ना. बसा."

लेक हसली. "बसा काय आई! मी आहे."

"हो, हो," भिडेखातर म्हणावं तसं ती म्हणाली. "कुठून आलात?"

लेकीचं हसू हळूहळू उतरलं. तिच्या भुवया जवळ आल्या त्याही कंपाउंडरांना दिसल्या, इतकं चित्र स्वच्छ होतं. तिने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना मान खाली घालावीशी वाटली, पण फोन हलला असता.

"लांबून," ती म्हणाली.

"दमला असाल. तुमची आई आहे का हो?"

"आहे."

"मग जात जा तिच्याकडे. बोलून दाखवत नाही माणूस, पण वाट बघतं."



"येते," लेक म्हणाली.

"लगेच निघालात? बसला असतात थोडा वेळ."

फोन चालूच होता. लेक दोन्ही तळव्यांनी चेहरा झाकून बसली होती. बायको कंपाउंडरांकडे झुकली आणि पाहुण्यांना ऐकू जाऊ नये अशा बेताने कुजबुजली, "गुणी दिसते मुलगी. कुणाची हो?"

"आपलीच," कंपाउंडर म्हणाले.

ती तोंडावर हात घेऊन हसली.

"काहीतरीच तुमचं," ती म्हणाली आणि पुन्हा टीव्हीकडे वळली.