लिस्तो म्हणण्याआधी

बोगोटाच्या माणसांचं 'लिस्तो' या एका शब्दावाचून पान हलत नाही. लिस्तो म्हणजे तयार. माणसाच्या स्वभावाबद्दल बोलत असाल तर हुशार. आणि रोजच्या बोलण्यात बरं, ठीक, झालं, चला ठेवते, सगळंच. कोथरूडच्या क्लासात मी तीन वर्षं स्पॅनिश शिकले, पण तिथे यातलं निम्मंसुद्धा कुणी सांगितलं नव्हतं. उरलेलं मला मार्ताबाईंनी फोनवर शिकवलं.

मार्ताबाई तिकडच्या एका बस कंपनीच्या अधिकारी. त्यांच्या आरक्षणाचं सॉफ्टवेअर २००३ साली आमच्या ऑफिसात तयार होत होतं आणि टीममध्ये स्पॅनिश येणारी मी एकटीच. आमचे टीम लीडर अभयसर यांनी त्या अख्ख्या भाषेतून तेवढा एकच शब्द उचलला होता. काम अर्धवट असलं तरी मेलच्या शेवटी लिस्तो ठोकून द्यायचं आणि मी तोंड उघडलं की म्हणायचं, होऊन जाईल गं जया, संध्याकाळपर्यंत.

मला हे सहन व्हायचं नाही. माझे वडील, भीमराव, स्वारगेट डेपोत मेकॅनिक होते. ब्रेकचं काम झालं की ते स्वतः त्या गाडीत बसून एक चक्कर मारायचे, मगच कागदावर 'तयार' लिहून सही करायचे. लोक त्यांना हसायचे. त्यांच्या सहीची गाडी ड्रायव्हर मागून घ्यायचे, हेही तितकंच खरं.

एका बुधवारी संध्याकाळी मार्ताबाईंचा फोन आला. उद्यापासून तिकीटविक्री सुरू करायची, तर लिस्तो? त्याच सकाळी मी दोन संगणकांवरून एकच सीट विकून पाहिली होती आणि ती दोघांनाही विकली गेली होती. अभयसरांना हे माहीत होतं. तरी समोर बसून त्यांनी 'हो म्हण' अशी मान हलवली. मग वहीवर लिहून दाखवलं, 'तुझं कन्फर्मेशन याच आठवड्यात आहे.' सहा महिने मी त्याचीच वाट पाहत होते. ती नोकरी मला अगदी मनापासून हवी होती. पण भीती नाही वाटली, राग आला.

"नाही," मी स्पॅनिशमध्ये म्हणाले. "एका सीटवर दोन माणसं बसतील. दोन दिवस द्या."

मग मार्ताबाईंनी दोन दिवस दिले. अभयसर ते दोन्ही दिवस माझ्याशी बोलले नाहीत, त्यामुळे काम वेळेत झालं. शुक्रवारी दुसऱ्या संगणकाने ती सीट विकायला नकार दिला. मी दहा वेळा करून पाहिलं, दहाही वेळा नकार. मगच मेल केला, लिस्तो.

त्याचं उत्तर थेट मोठ्या साहेबांकडे गेलं. यापुढे काम तयार आहे की नाही, हे आम्ही फक्त जयाला विचारू, असं त्यात होतं. सोमवारी मला कन्फर्मेशनचं पत्र मिळालं. सही अभयसरांचीच होती.

वडिलांनी चष्मा लावून ते पत्र दोनदा वाचलं आणि सगळी हकीकत ऐकून घेतली.

"चक्कर मारून बघितलीस ना?" त्यांनी विचारलं.

"दहा वेळा."

"मग आता लोक तुझ्या सहीची गाडी मागतील," ते म्हणाले.