आबांचा घसा

इंग्रिड वरच्या मजल्यावर राहायला आली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सविताला वाटलं, या बाईला दमा आहे.

झालं असं, की सविताने जिन्याखालून हाक मारून विचारलं, "पानी आलं का गं वर?" आणि उत्तराऐवजी जोरात श्वास आत ओढल्याचा आवाज आला. श्शुप्. अंगावर पाल पडल्यावर माणूस ओढतो तसा. सविता धावत वर गेली, तर इंग्रिड नळाखाली शांतपणे बादली भरत उभी होती. पाणी आलं होतं.

मग उलगडा झाला. इंग्रिड स्वीडनच्या पार वरच्या टोकाकडची. तिच्या मुलखात 'हो' म्हणायचं ते असंच म्हणतात, वारा आत घेऊन. सविताने हे नवऱ्याला सांगितलं. बजरंग म्हणाला, "थंडीत तोंड उघडायला नको म्हनून आसंल," आणि विषय संपवला.

तुंगार्लीतलं हे घर त्यांचं स्वतःचं. बजरंग मूळचा कार्ल्याचा; कारखान्याची बस चालवून निवृत्त झाला, खाली दोघं राहायची आणि वरच्या खोल्या भाड्याने द्यायची. तळेगावकडच्या एका कारखान्यात नवी यंत्रं बसवायची होती, त्यासाठी इंग्रिड आली होती. आधी पुण्यात राहून तिने शिकवणी लावून मराठी शिकून घेतली होती, त्यामुळे ती छापील बोलायची. बजरंगला आबा म्हणायची, सविताला मावशी.

आवाजांबद्दल तिची काही तक्रार नसे. शेजारच्या बंगल्यात शनिवार-रविवारी मुंबईची मंडळी स्पीकर लावून पाण्यात उड्या मारत. समोरची गाडी मागे घेताना आरतीची चाल वाजवी. इंग्रिड कानात बोळे घालून पुस्तक वाचत बसे. सविताला तिचं कौतुक वाटे.

एका रविवारी ती स्वतः भाजलेले वेलचीचे गोड पाव घेऊन खाली आली आणि ओट्यावर बसली.

"आबा, मला आपल्याशी एका विषयावर बोलायचे आहे."

बजरंग सावरून बसला. इतक्या शुद्ध मराठीत त्याच्याशी याआधी फक्त कोर्टाचा माणूस बोलला होता.

"आपण रोज सकाळी जो आवाज करता, तो एखाद्या आजारामुळे आहे का?"

"कंचा आवाज?"

सविताने ताटलीकडे बघितलं. कंचा ते आळीत सगळ्यांना माहीत होतं. बजरंग उठला, की तांब्या घेऊन पुढच्या नळावर उकिडवा बसे, मिश्री लावी, मग दोन बोटं घशात घालून खाकरायला लागे. ते पोटातून निघायचं, वर चढत चढत यायचं, मध्ये थांबायचं. आता संपलं असं ऐकणाऱ्याला वाटलं, की पुन्हा पहिल्यापासून.

"आजार कसला? घसा साफ करतो," बजरंग म्हणाला.

"रोज साफ करूनही तो साफ होत नाही?"

बजरंगने नकळत गळ्याला हात लावला. इंग्रिड पुढे अगदी नरमाईने म्हणाली, "यंत्राचा आवाज मला चालतो. माणसाच्या तोंडाचा चालत नाही. हा माझा दोष आहे. पण माझे हात थरथरतात."

बजरंगने त्या दिवशी पावाला हात लावला नाही. "आमच्या घरात आमी खाकरायचं न्हाई व्हय?" असं तो सविताला, मग भिंतीला, मग सविताला ऐकवत राहिला. पण माणूस मनाचा वाईट नव्हता. लेकीसारखी पोर, परमुलखात एकटी, हात थरथरतात म्हणते. एके सकाळी तो तांब्या उचलून मागच्या परसात गेला आणि पार कुंपणाशी, फणसामागे जाऊन बसला. तेव्हापासून तीच जागा ठरली.

त्या आठवड्यात सविताला सकाळचा चहा बरा लागायला लागला. तिने पत्तीचा पुडा उलटसुलट करून पाहिला. पत्ती नेहमीचीच होती.

पावसाळा संपल्यावर इंग्रिडची आई आली. ब्रिटा तिचं नाव. उंच, हाडापेराने मजबूत म्हातारी, मराठीचा गंध नाही. आल्या आल्या ती बजरंगच्या शेजारी ओट्यावर बसली. सविताने चहा आणला. बजरंगने बशीत ओतला, तोंडाशी नेला आणि भुरका मारला. ब्रिटाने ते पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. तिनेही बशीत चहा ओतला. मग पिशवीतून साखरेचा खडा काढून दातांत धरला आणि त्यातून असा भुरका ओढला, की बजरंगने मान वळवून बघितलं. त्यात आदर होता.

"ह्याला म्हनत्यात चहा पिनं," तो म्हणाला.

इंग्रिड जिन्यात उभी होती. ती वळली आणि फाटक उघडून निघून गेली.

पुढे रोज तेच. म्हातारा-म्हातारी ओट्यावर, दोघं आपापल्या भाषेत बोलणार, मध्ये भुरके, मध्ये ब्रिटाचं श्शुप्. दोघांचं झकास जमलं. इंग्रिड कामावरून आली, की गाडीतून उतरून तशीच तुंगार्लीच्या तलावावर जाई. एका संध्याकाळी सविता तिच्यामागे गेली आणि बांधावर तिच्याशेजारी टेकली.

"आई आलीया एवढ्या लांबून, आन् तू हितं."

"मी लहानपणी ताट घेऊन माझ्या खोलीत जेवायचे," इंग्रिड पाण्याकडे बघत म्हणाली. "आईला वाटायचे, ती मला आवडत नाही."

"मंग सांगायचं न्हाई का, आवाजाचा तरास व्हतो म्हनून?"

"सांगितले. ती म्हणाली, तुझे वडील असेच प्यायचे. तेव्हा ते वारले होते. मग मी काही बोलले नाही."

तलावाच्या पलीकडे कोणी सहलीवाले एकमेकांचे फोटो काढत होते.

"मावशी, तुम्हाला आबांचा तो आवाज आवडतो?"

नवऱ्याचं काय आवडायचं न् नावडायचं, असं सविता म्हणणार होती. तोंड तिने त्यासाठीच उघडलं होतं. पण निघालं भलतंच.

"लगीन झालं, त्याच्या दुसऱ्या दिशी सकाळी मला वाटलं, घरात कोनतरी मरतंय. मी उठून पळत बाहेर आले. सासू म्हनली, अगं जा, नीज, बजरंग हाय."

इंग्रिड हसायला लागली. सविताही हसली. हसता हसता तिच्या लक्षात आलं, की आपले डोळे भरलेत. तिने पदराने पुसले.

"तवापासून रोज. डोळं गच्च मिटून पडायची, संपंस्तोवर."

"सांगितले नाहीत?"

"सांगायचं कुनाला? भाडं देनाऱ्यानं सांगायचं आसतं, मला वाटलं."

इंग्रिडने श्वास आत ओढला. या वेळी सविताला त्याचा अर्थ बरोबर कळला.

दुसऱ्या दिवशी इंग्रिड ओट्यावर आईशेजारी येऊन बसली. केस मोकळे होते, आणि केसांखाली कानात बोळे होते, हे फक्त सविताला दिसलं. ब्रिटा मायदेशी जाईपर्यंत ती रोज अशीच बसली. म्हातारी काहीबाही सांगायची, इंग्रिड तिच्या ओठांकडे बघून मान हलवायची. जाताना ब्रिटाने लेकीला धरलं, ते बराच वेळ सोडलंच नाही.

उन्हाळा संपता संपता यंत्रं बसवून झाली आणि इंग्रिडही गेली. बजरंगने तिला फणसाचे गरे बांधून दिले. विमानात वासाने काय झालं असेल ते तिचं तिला माहीत.

दुसऱ्या सकाळी बजरंग उठला. तांब्या घेतला आणि बऱ्याच महिन्यांनी पुढच्या नळावर येऊन ऐसपैस बसला. बोटं तोंडात घालणार, तोच दारातून सविता म्हणाली, "मागं जावा."

"का? गेली की ती."

"मी हाय न्हवं."

बजरंगला समजेना. "तुजं काय मधीच?"

"मला तरास व्हतो."

"कंदीपासनं?"

"लगीन झाल्यापासनं."

तो तांब्या हातात धरून तिच्याकडे बघत राहिला. ती थट्टा करत नव्हती. "मंग येवढी वरसं बोलली का न्हाईस?" असं त्याने विचारलं, आणि तिने मागच्या दाराकडे बोट केलं तेव्हा तो उठला, गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. परसात गेला.

तो परत आला तो तोंड पुसत आणि खालच्या मानेने. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर थांबला.

"आनखी काय काय हाय तुजं?" त्याने विचारलं.

सविताने गॅस बंद केला, खुर्ची ओढली आणि त्याला म्हणाली, "बसा."