शेवटचे दोन भाग

या, जरा पुढे सरका. दाराशी काय बसलात, इथे जवळ बसा आणि कान इकडे द्या. देवाने दोन कान दिले ते काही चष्म्याच्या काड्या अडकवायला नव्हेत. दुसऱ्याचं दुःख आत शिरायला वाट असावी म्हणून दिले, असं आपलं माझं मत. आज गोष्ट सांगायची आहे ती दोन जावांची. भांडणाची नाही, घाबरू नका! दोन जावा, एक फोन आणि खुनांच्या ढीगभर कादंबऱ्या, एवढीच सामग्री. ऐकताना रडू आलं तर आवरू नका, येऊ द्या.

थोरली आणि धाकटी. घरात, गल्लीत, दुकानात सगळे त्यांना असंच म्हणत. दुकान थोरलीच्या नवऱ्याचं, शिवणकामाचं. शाळेचे गणवेश, दवाखान्याचे पांढरे कोट, हॉटेलातल्या वेटरांची जाकिटं. तो कापड कापायचा, धाकटी मशीनवर शिवायची आणि थोरली हाताने काज करून बटणं लावायची. धाकटीचा नवरा मालट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी. तेव्हा धाकटीला माहेर म्हणा, मैत्रीण म्हणा, भांडायला माणूस म्हणा, सगळं एक थोरलीच.

दुपारी दोन ते चार मशीन बंद. मशीनच्या घरघरीत गोष्ट ऐकू येत नाही ना! त्या वेळी धाकटी हातशिलाई घेऊन थोरलीसमोर बसायची. फोन स्टीलच्या रिकाम्या डब्यात उभा करायचा, म्हणजे आवाज घुमतो, आणि मग सुरू व्हायचे घोगरेभाऊ. हे नाव थोरलीने ठेवलेलं. कादंबऱ्या वाचून दाखवणारा तो माणूस कोण, कुठला, देव जाणे. पण आवाज असा, की घसा बसलेल्या माणसाने आपल्याच कानाशी लागून गुपित सांगावं. खुनाच्या आधी तो हलकेच श्वास घ्यायचा.

"घेतला बघ श्वास," दोरा दाताने तोडत थोरली म्हणायची, "गेलं कुणीतरी."

आतून कात्री थांबवून थोरलीचा नवरा ओरडायचा, "अगं बायांनो, दुपारपासून तीन मुडदे पाडलेत. बटणं किती लावलीत?"

"गप्प बसा हो तुम्ही," थोरली म्हणायची, "नाहीतर चौथा तुमचाच."

दोघींचे नियम दोन. एकीला सोडून दुसरीने पुढे ऐकायचं नाही. आणि शेवटचे दोन भाग राहिले की फोन थांबवून दोघींनी आपापला खुनी सांगायचा. हरेल तिने चहा करायचा. सात वर्षांत चाळीसेक कादंबऱ्या झाल्या आणि प्रत्येक वेळी चहा धाकटीनेच केला.

"ताई, तुम्ही आधीच ऐकून ठेवता, शपथ घ्या बरं!"

"शपथ कशाला घेऊ? डोकं वापरते. माणसं काय बोलतात ते ऐकू नकोस, धाकटे. लिहिणाऱ्याने टाका दोनदा कुठे घातलाय ते बघ. उगाच कोण दोनदा शिवतं?"

शेवट ऐकायचा म्हटला की थोरलीला जगाचं भान नसायचं. एकदा दाढ काढायला गेली. डॉक्टर चिमटा घेऊन उभे, आणि ही खुर्चीतून हात वर करून म्हणते, "पाच मिनिटं थांबा, विहिरीत कुणी ढकललं तेवढं कळू दे." थांबले बिचारे. दुसऱ्या वेळी तापाने दोन दिवस नुसती बरळत होती, पण तिसऱ्या दिवशी दुपारी दोनला टक्क डोळे उघडून विचारलं, "लावलंस का गं?" या दोन आठवणी धाकटीने मनात कोरून ठेवल्या होत्या. पुढे तिचा घात त्यांनीच केला.

झालं असं, की थोरलीला दुकानाच्या तीन पायऱ्यासुद्धा चढवेनात. पायांवर सूज, बोलता बोलता धाप. दवाखान्यात नेली. सहा खाटांच्या वॉर्डात खिडकीजवळची खाट मिळाली. तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी थोरलीच्या नवऱ्याला आणि धाकटीला बाहेर बोलावलं. म्हणाले, हृदय दमलंय, फार दमलंय. आता हातात दिवस आहेत, महिने नाहीत. पेशंटला एवढ्यात सांगू नका.

थोरलीचा नवरा भिंतीला टेकला तो टेकलाच. अख्खं आयुष्य कापडावर खडूने रेघा ओढलेला माणूस, बोटांनी शर्टाची कड चाचपत राहिला. धाकटी मात्र तरातरा आत गेली, थोरलीच्या उशाशी बसली आणि म्हणाली, "काही नाही हो, अशक्तपणा आहे. औषध लिहून दिलंय."

"अशक्तपणा? चहा तूच कर मग," थोरली म्हणाली.

तेव्हा त्यांची एक कादंबरी अर्ध्यावर होती. एकतीस भागांतले चोवीस झाले होते. डोंगरातलं एक जुनं विश्रामगृह, बर्फाने रस्ते बंद, आणि मालकीणबाई चादरींच्या खोलीत मरून पडलेल्या. दाराला आतून कडी. संशय चौघांवर: मालकीणबाईंची भाची, स्वयंपाकीण, बहिरा माळी आणि योगायोगाने तिथे उतरलेला एक डॉक्टर.

भेटायची वेळ चार ते पाच. धाकटी रोज पावणेचारलाच जिन्याशी जाऊन उभी राहायची. इअरफोनची एक गोळी थोरलीच्या कानात, एक स्वतःच्या, आणि रोज एक भाग, असं ठरलेलं. थोरली पडल्या पडल्यासुद्धा हाताला काम मागायची, म्हणून एक पांढरा कोट आणून दिला होता. दिवसाकाठी अर्धं काज व्हायचं.

डॉक्टर बोलले त्याच्या दुसऱ्या दिवशी पायऱ्या चढताना धाकटीच्या डोक्यात ती कल्पना आली. आता तुम्ही हसाल. पण ज्याचं माणूस खाटेवर असतं त्याच्या डोक्यात काय काय येतं, ते त्या खाटेशी बसल्याशिवाय कळत नाही. तिला वाटलं, ताईंनी चिमटा घेऊन उभा असलेला डॉक्टर थांबवला, ताप थांबवला. शेवट ऐकायचा राहिलाय म्हटल्यावर त्या जो न्यायला येईल त्यालाही म्हणतील, पाच मिनिटं थांब. गोष्ट संपली नाही तर ताई जाणार नाहीत. देवापुढे हात जोडायचे सोडून तिने सगळी भिस्त घोगरेभाऊंवर टाकली. देव रागावला नसेल. त्याला असली वेडी माणसं रोजच भेटतात.

तिने भाग अर्धे केले. मग पाव. मग काल ऐकलेलंच परत लावायला लागली.

"हे झालंय आपलं," थोरली म्हणायची. "माळी बागेत जातो, त्याला कंदील सापडतो."

"कुठे झालंय? तुम्हाला कालपासून भास होतायत."

"असतील बाई."

तरी अकराव्या दिवशी एकोणतिसावा भाग संपला. राहिले शेवटचे दोन. धाकटीने फोन बंद केला.

"सांग तुझा खुनी," थोरली म्हणाली. आवाज आता इतका बारीक, की धाकटीला वाकावं लागलं.

"डॉक्टर. आणि तुमचा?"

"स्वयंपाकीण. गुडघ्यामुळे जिना चढवत नाही, असं दोनदा सांगितलंय तिच्याबद्दल. लाव आता."

"आत्ता नाही. शेवट दुकानातच ऐकायचा. डब्यात फोन ठेवून. तुम्ही घरी या, मग."

थोरलीने तिचा चेहरा निरखला. मग म्हणाली, "बरं."

दुसऱ्या दिवशी तिने परत मागितलं, तिसऱ्या दिवशीही. धाकटीकडे रोज नवी सबब. आज इअरफोन विसरले. आज डोकं दुखतंय माझं. पाचव्या दिवशी थोरलीच्या नाकाला नळी होती, ओठ कोरडे पडले होते, कोट पायथ्याशी घडी करून ठेवलेला. धाकटी आत आली तशी थोरलीने दोन बोटं कानाशी नेली.

"लाव ना गं आज. तेवढंच ऐकते."

"ताई, फोनची बॅटरी संपलीय हो. पार मेलाय फोन."

आणि तेवढ्यात पिशवीत फोन वाजला. ट्रकवरून नवऱ्याचा. वाजतोय, वाजतोय, आणि धाकटी पिशवीवर हात दाबून बसलेली, कानापर्यंत लाल.

थोरली हसली. हसताना धाप लागली, तरी हसली. "मेलेला वाजतोय बघ. उचल, उचल, बिचारा लांबून करतोय."

धाकटीने उचलला नाही. पाच वाजल्याची घंटा झाली. तिने थोरलीचे केस मागे सारले, पेल्यात पाणी भरून ठेवलं आणि म्हणाली, "उद्या नक्की."

"बरं. उद्या," थोरली म्हणाली.

सकाळी दहाला दुकानात मशीन चालू असताना थोरलीच्या नवऱ्याचा फोन आला. तो काही बोलला नाही, नुसता श्वास घेतला. धाकटीला कळलं. मशीनवरचा पाय काढायचं तिला सुचेना. समोरची बाही शिवून संपली, तरी सुई रिकामीच खालीवर होत राहिली.

चार दिवसांनी सामान आणायला कुणीतरी जायला हवं होतं. थोरलीच्या नवऱ्याचा पाय दवाखान्याकडे वळेना, म्हणून धाकटी गेली. वॉर्डातल्या आयाने पिशवी काढून दिली. चष्मा, कंगवा, पेला, चपला, आणि पाच काजं झालेला तो कोट. सहाव्यात सुई टोचलेली.

शेजारच्या खाटेवरच्या आजी उशीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी हाक मारली, "तू धाकटी ना? ये इकडे. मग, कोण निघालं?"

"कोण म्हणजे?"

"खुनी गं! तुझ्या जावेने आम्हाला सगळी गोष्ट सांगितली, पहिल्यापासून. दम लागायचा, थांबायची, पुन्हा सांगायची. रोज सकाळी थोडी थोडी. मी म्हणते माळी. ही आया म्हणते भाची. त्या पलीकडच्या बाईंनी तर मालकिणीलाच खुनी ठरवलंय."

"मला माहीत नाही," धाकटी म्हणाली. "आम्ही ऐकलंच नाही."

"ते ठाऊक आहे. ती म्हणायची ना, माझी जाऊ मला शेवट ऐकू देत नाही. तिला वाटतं, शेवट झाला की मी निघाले."

धाकटी उभी होती ती खाटेच्या कडेवर बसली.

"ताईंना कळलं होतं?"

"पहिल्याच दिवशी. म्हणाली, दारातून आत आली तेव्हाच तिच्या चेहऱ्यावर डॉक्टरांनी काय सांगितलं ते वाचलं मी."

"मग रोज मागायच्या कशाला? रोज म्हणायच्या, लाव, लाव..."

"मीही तेच विचारलं." आजींनी धाकटीचा हात हातात घेतला. "म्हणाली, मागायचं थांबले तर तिला कळेल ना, की मला कळलंय. मग रडायला लागेल वेडी. तिला धरू दे मला, बरं वाटतं."

आया चादरीची घडी तशीच हातात धरून उभी राहिली. धाकटीला रडू येईना. एवढ्या साध्या गोष्टीला तिने नाही म्हटलं होतं. दोन भाग. पाऊण तास. थोरलीने सगळं ओळखून, पाच दिवस, खोटं खोटं मागितलं होतं. आणि खोटं तरी कसं म्हणावं? ऐकायचं तर तिला खरंच होतं.

तिने फोन काढला. इअरफोन नव्हते आणि डबाही नव्हता. थोरलीचा स्टीलचा पेला पिशवीतून काढला, आजींच्या कपाटावर ठेवला, त्यात फोन उभा केला आणि तिसावा भाग लावला.

घोगरेभाऊ बोलू लागले. पलीकडच्या बाई कुशीवर वळल्या. आया दाराशी बसली. कुणी खोकलं तर बाकीच्या हात करून गप्प करायच्या. एकतिसाव्या भागात चादरींच्या खोलीची कडी कशी लागली ते कळलं, आणि मग भाऊंनी श्वास घेऊन नाव सांगितलं. डॉक्टर.

"डॉक्टर!" आजींनी कपाळावर हात मारला. "शेवटी मेला डॉक्टरच!" पलीकडच्या बाई हसल्या, आया म्हणाली छे, हे काही पटलं नाही, भाचीचंच काहीतरी होतं त्यात. आणि त्या कलकलाटात धाकटीने खिडकीजवळच्या खाटेकडे मान वळवली. तोंड उघडलेलं. सात वर्षांत पहिल्यांदा ती जिंकली होती. "बघा, मी म्हटलं नव्हतं?" एवढे शब्द ओठांवर आलेले.

खाटेवर दुसरीच एक बाई झोपली होती, भिंतीकडे तोंड करून.

तेव्हा मात्र धाकटी रडली. थोरली हरल्यावर कशी दिसली असती? रुसली असती, की पदर खोचून मुकाट्याने चहाला उठली असती? हे तिला आता कधीच कळणार नव्हतं. पाऊण तास दिला असता तर कळलं असतं. आजी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या आणि म्हणाल्या, रड बाई, इथे कुणाला नवल नाही.

तिने कोट उचलला आणि रडता रडताच सहावं काज पुरं केलं. नीट झालं नाही. थोरलीने उसवायला लावलं असतं.

मायबाप हो, गोष्ट एवढीच. यात शहाणपण शोधत बसू नका, मलाही सापडलेलं नाही. धाकटीला दोष देऊ नका, तिने प्रेमच केलं, फक्त चुकीच्या टोकाने धरलं. एकच मागणं आहे तुमच्यापाशी. उद्या सकाळी अंगात सदरा घालाल, एकेक बटण काजात सरकवाल, तेव्हा क्षणभर थांबा आणि त्या थोरलीची आठवण काढा. तिचे शेवटचे दोन भाग ऐकायचे राहिलेत.