राणीला शनिवारीच बघायचं

तेवीस वर्षं घरोघरी औषध मारत फिरल्यामुळे त्याला सगळे ‘फवारे’च म्हणायचे. उभा जन्म मुंग्या मारण्यात गेला, आणि आता एक मुंगी जगावी म्हणून या माणसाच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

ती मुंगी म्हणजे राणी. पंख नुकतेच गळलेली, लेकीला शाळेच्या पायरीवर सापडलेली. नवराबायको वेगळे झाल्यापासून लेक आईकडे असायची आणि शनिवारी बापाकडे यायची. म्हणजे यायचं ठरलेलं होतं. प्रत्यक्षात कधी तिचं पोट दुखायचं, कधी मैत्रीण यायची. पण ‘असलं काही माझ्या घरात नको’ म्हणून आईने डोळे वटारले, राणी बापाच्या कपाटात आली, आणि तेव्हापासून लेकीने एकही शनिवार चुकवला नाही. सलग पाच शनिवार! फवाऱ्याला वाटलं, देव पावला.

व्यवस्था सगळी लेकीची. काचेची नळी, तळाशी पाणी, ते अडवायला कापसाचा बोळा, मग राणी आणि तिची अंडी, तोंडाशी दुसरा बोळा.

“अंड्यांतून मुंग्या बाहेर येईपर्यंत तिला खायला लागत नाही, बाबा. आणि शनिवारीच बघायचं हं. सारखं हलवलं तर ती घाबरते आणि अंडीच खाऊन टाकते.”

“मी काय लहान आहे का?” तो म्हणाला होता.

लहान मूल परवडलं. या आठवड्यात तर सोमवारी त्याने कपाट उघडलं, मंगळवारी दोनदा. हाताला औषधाचा वास नको म्हणून आधी चारचारदा साबण लावायचा आणि मग नळी उजेडात धरून तिच्याशी बोलत बसायचा. त्या रिकाम्या घरात लेकीची म्हणावी अशी तेवढी एकच वस्तू होती, त्याला राहवायचं नाही. गुरुवारी अंड्यांचा पुंजका अर्धा झाला. शुक्रवारी सकाळी औषधालाही एक अंडं उरलं नव्हतं.

त्याच्या पायाखालची जमीन सरकली. मुंग्या नाहीत तर लेक कशाला येईल?

दुपारी एका बेकरीत काम होतं. मागच्या भिंतीच्या फटीतून रांग लागली होती, तशाच काळ्या, तशाच चकचकीत मुंग्यांची. मारायच्या कशा ते याच्याकडून शिकावं. पोसायच्या कशा, तिथे मात्र आनंदीआनंद. त्याने पंप खाली ठेवला आणि वीस मुंग्या डबीत भरल्या. सगळ्या सारख्याच तर दिसतात, कोणाला कळतंय, असं मनाला समजावलं.

शनिवारी सकाळी नऊला त्याने वीसच्या वीस नळीत सोडल्या. त्यांनी राणीला मिशांनी चाचपून पाहिलं. तो हसलासुद्धा. मग एकीने राणीचा पाय धरला, दुसरीने दुसरा, आणि सगळ्या मिळून तिला ओढायला लागल्या. घाबरून त्याने चिमट्याने एकीला खेचलं, तर तिच्याबरोबर राणीचा पायच आला. तेवढ्यात बेल वाजली.

नळी हातात घेऊनच त्याने दार उघडलं. लेकीने ती घेतली आणि डोळ्यांशी धरली.

“बाबा, ह्या तिच्या मुली नाहीत.”

“नाहीत.”

“मग अंडी कुठायत?”

“मी रोज बघत होतो गं. चुकलं माझं.”

ती त्याच्यावर रागावली असती तर बरं झालं असतं. तिने नळी पांढऱ्या ताटलीत उपडी केली. “मार ना ह्यांना, लवकर! तुला येतं ना मारायला!”

तो एकेक चिरडत गेला. मुंग्या मेल्या तरी त्यांचे जबडे सुटत नव्हते. शेवटची मेली तोवर राणीही हलायची थांबली होती.

लेकीने रिकामी नळी ताटलीशेजारी ठेवली.

“मग आता पुढच्या शनिवारी काय बघायचं?” ती टोमणा मारत नव्हती, खरंच विचारत होती.

“मला,” तो म्हणाला. “मला बघायला ये ना, बाळा.”

तिने पायातल्या बुटांकडे पाहिलं. ते अजून काढलेच नव्हते.

“आईला विचारून सांगते,” ती म्हणाली.